खुर्चीमागचं ऐकणं

संगीत नाटकात एक पात्र असतं, त्याला बहुधा नाव नसतं. ते आत येतं, मुजरा करतं, ‘महाराज, दूत आला आहे’ म्हणतं आणि बाजूला उभं राहतं. पुढचा सगळा प्रवेश राजाचा, दूताचा आणि प्रधानाचा. वर्दी देणाऱ्याचं काम एका वाक्यात संपलेलं असतं, पण त्याला आत जाता येत नाही, कारण दाराशी कोणीतरी हवं. बोलायचं नाही, फार हलायचं नाही आणि तरी खांबासारखं दिसायचं नाही. रंगमंचावरच्या अवघड कामांत या कामाची गणना क्वचितच होते.

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली, तेव्हा एंटरप्राइज या अवकाशयानावर वर्दीचं काम लेफ्टनंट उहुराकडे होतं. हुद्दा संदेशवहन अधिकाऱ्याचा. ‘हेलिंग फ्रिक्वेन्सीज ओपन, सर’, म्हणजे समोरच्या यानाशी बोलायची वाट मोकळी आहे, साहेब. तीन हंगाम, ७९ भाग आणि त्यांतल्या बहुतेक भागांत हे किंवा असंच एखादं वाक्य. निशेल निकोल्स यांनी ही भूमिका केली. त्यांच्याविषयी लिहिणारे मार्टिन ल्युथर किंग यांची भेट आणि कॅप्टन कर्कबरोबरचं चुंबन या दोन मुक्कामांवर थांबतात. तिथे मीही येईन. पण त्याआधी या अभिनेत्री त्या आसनावर बसून तासन्‌तास नेमकं काय करत होत्या, हे पाहिल्याशिवाय त्या दोन्ही गोष्टींचं वजन कळत नाही.

यानाच्या ब्रिजचा, म्हणजे जिथून यान चालवलं जातं त्या कक्षाचा, सेट मॅट जेफरीज यांच्या आराखड्यातून उभा राहिला. सेट वर्तुळाकार होता. मधल्या खोलगट भागात कॅप्टनची खुर्ची, तिच्यापुढे सुकाणू आणि दिशादर्शन सांभाळणाऱ्या दोघांचं जोडटेबल, आणि भोवती पायरीभर उंचावर नियंत्रण-फलकांची कमान. भिंत अखंड नव्हती, सुट्या तुकड्यांची होती. कॅमेरा जिथे न्यायचा तिथला तुकडा ओढून काढायचा आणि काम झालं की परत बसवायचा. गोष्टीतला प्रत्येक पेच अखेर कॅप्टनच्या चेहऱ्यावर येऊन ठेपतो, म्हणून कॅमेरा वारंवार मोठ्या पडद्याच्या बाजूला जाऊन मागे तोंड करून उभा राहायचा. त्या चौकटीत कर्कच्या खांद्यामागे, लिफ्टच्या दारालगत, काळ्या-करड्या फलकांपुढे लाल पोशाखात उहुरा. संवाद एक असो वा शून्य, ती दिसायचीच.

या जागेचे धोके दोन. मागे बसलेल्या नटानं पुढच्या संवादावर चेहऱ्यानं फार दाद दिली, तर प्रेक्षकाची नजर पुढून मागे घसरते आणि मुख्य नटाचा प्रसंग पडतो. काहीच केलं नाही, तर तो माणूस फलकाचाच एक भाग होऊन जातो. शिवाय फलकावरची बटणं खरं काहीच करत नव्हती. दिव्यांची उघडझाप पडद्यामागून व्हायची. कोणतं बटण कशासाठी हे बसणाऱ्यानंच मनाशी ठरवायचं आणि पुढे ते पाळायचं. एका भागाच्या चित्रीकरणाला साधारण सहा दिवस मिळत, आणि अशा कामात एका सेटवरचे प्रसंग सलग उरकले जातात, ते गोष्टीच्या क्रमानं नव्हे. म्हणजे सकाळी शेवटचा संदेश ऐकायचा आणि दुपारी पहिला. आत्ता आपण कोणाच्या उत्तराची वाट पाहतोय, काय ऐकलंय, काय अजून ऐकायचंय, याचा हिशेब डोक्यात नसेल तर ऐकण्याचा अभिनय पोकळ होतो.

निकोल्स यांचं काम आवाज बंद करून पाहावं. संदेश येतो तेव्हा बहुतेक वेळा क्रम असा दिसतो: आधी हात कानातल्या चंदेरी यंत्राकडे, मग नजर समोरच्या वस्तूवरून सुटून कुठेच नसल्यासारखी, दुसरा हात फलकावर, मग खुर्ची वळते आणि सगळ्यात शेवटी शब्द. या क्रमात शब्द आधी आला तर ऐकणं खोटं ठरतं. आणि हात कानाशी नुसताच धरून ठेवला तर ती छायाचित्रासाठी घेतलेली ढब होते. त्या हात काढतात. ऐकून झालं की काढतात, पुन्हा गरज लागली की नेतात. एवढ्या साध्या गोष्टीनं प्रेक्षकाला वाटतं की त्या यंत्रातून खरंच कोणीतरी बोलतंय.

यानाला तडाखा बसतो तेव्हाही त्यांच्याकडे पाहावं. हादरा दाखवण्याची रीत अशी की कॅमेरा तिरका करायचा आणि सगळ्या नटांनी एकाच वेळी एकाच बाजूला अंग झोकून द्यायचं. खुर्च्यांना पट्टे नव्हते. एकानं उशीर केला किंवा उलट्या दिशेला गेला की सगळी फसवणूक उघडी पडते. निकोल्स यांचं अंग अशा वेळी कमरेतून जातं, मान मागून येते. ही तालीम नाचाची आहे, असं मला पक्कं वाटतं.

कारण त्या मुळात नाचगाण्यातल्या. जन्म २८ डिसेंबर १९३२, शिकागोजवळच्या रॉबिन्स गावी. वडील सॅम्युएल निकोल्स त्या गावचे महापौर झाले होते. ड्यूक एलिंग्टन आणि लायनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदांबरोबर निकोल्स यांनी दौरे केले. पुढे ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी यांच्या ‘द लेफ्टनंट’ या आधीच्या मालिकेत, वर्णद्वेषावरच्या एका भागात, त्यांना काम मिळालं. ‘स्टार ट्रेक’च्या निवडीसाठी त्या गेल्या तेव्हा त्यांच्या पात्राचे संवाद लिहिलेलेच नव्हते, म्हणून त्यांना यानावरच्या विज्ञान अधिकाऱ्याचे, स्पॉकचे, संवाद वाचायला दिले, असं त्या सांगत. हातात ‘उहुरु’ नावाची कादंबरी होती. स्वाहिलीत त्याचा अर्थ स्वातंत्र्य. शेवटचा उकार जाऊन आकार आला आणि पात्राला नाव मिळालं. न्योटा, म्हणजे तारा, हे तिचं पहिलं नाव मूळ मालिकेत एकदाही उच्चारलं गेलं नाही. पडद्यावर ते थेट २००९च्या चित्रपटात आलं.

पोशाखाबद्दल थोडं, कारण इथे नेहमी गोंधळ होतो. उहुरा लाल रंगाची म्हणून लक्षात राहते, पण निकोल्स यांनी चित्रित केलेल्या पहिल्या दोन भागांत, ‘द कॉर्बोमाइट मॅन्यूव्हर’ आणि ‘मड्‌स विमेन’मध्ये, ती पिवळ्या पोशाखात आहे. हे भाग दाखवले गेले ते ऑक्टोबर आणि नोव्हेंबर १९६६मध्ये, लाल पोशाखातले भाग येऊन गेल्यावर. त्यामुळे प्रक्षेपणाच्या क्रमानं पाहणाऱ्याला ती लालाची पिवळी आणि पिवळ्याची पुन्हा लाल होताना दिसते. कापड पहिली दोन वर्षं वेलूर, म्हणजे मखमलीसारखं, होतं. विल्यम वेअर थाइस यांनी शिवलेले हे कपडे ड्रायक्लीनिंगला गेले की आटत. आधीच तोकडा असलेला बायकांचा झगा त्यानं आणखी वर जाई. तिसऱ्या वर्षी नायलॉनचं विणलेलं कापड आलं तेव्हा ही कटकट मिटली. वेलूरवर प्रकाश मऊ पसरतो, नायलॉनवर तो सपाट पडतो. तिसऱ्या हंगामातली उहुरा थोडी कडक दिसते त्यामागे हेही एक कारण असावं.

आता त्या आसनाची दुसरी बाजू. मालिकेच्या दुसऱ्या चाचणी भागात त्या जागेवर लॉइड हेन्स हे कृष्णवर्णीय अभिनेते होते, पात्राचं नाव आल्डन. ते पुढे दिसले नाहीत. निकोल्स नसतील तेव्हा एलिझाबेथ रॉजर्स पामर नावाची अधिकारी म्हणून तिथे बसत. ‘द डूम्सडे मशीन’मध्ये त्याच आहेत. ३ जून १९६९ रोजी दाखवलेल्या शेवटच्या भागातसुद्धा उहुरा नाही. आसन ठरलेलं, माणूस बदलता येण्याजोगा. निकोल्स यांना इतर मुख्य नटांसारखा करार नव्हता, कामाच्या दिवसांप्रमाणे पैसे मिळत. संहितेत त्यांचे संवाद असत आणि चित्रीकरणापर्यंत ते गळत, ही त्यांची तक्रार आत्मचरित्रात सविस्तर आहे.

पहिला हंगाम संपताना त्यांनी राजीनामा लिहिला. ओढ संगीत रंगभूमीची होती आणि इथे वाक्यं कापली जात होती. त्यांनीच पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी: रॉडनबेरींनी पत्र घेतलं आणि शनिवार-रविवार विचार करायला सांगितलं. त्याच सुट्टीत नागरी हक्क चळवळीसाठी निधी उभारण्याच्या एका कार्यक्रमात त्यांना कोणी म्हणालं, तुमचा एक चाहता भेटू इच्छितो. वळून पाहतात तो मार्टिन ल्युथर किंग. मुलांना रात्री जागून पाहू देतो अशी ही एकमेव मालिका आहे, असं त्यांनी सांगितलं. मी सोडतेय हे ऐकल्यावर मात्र ते गंभीर झाले.

किंग यांच्या बोलण्यातला एक मुद्दा नेहमी गाळला जातो आणि मला तोच सगळ्यांत नेमका वाटतो. ही भूमिका कृष्णवर्णीय माणसाची म्हणून लिहिलेली नाही, बाईची म्हणूनही नाही. तुम्ही उठलात की तिथे कोणालाही बसवता येईल, परग्रहावरच्या जीवालाही. उघडलेलं दार मग बंद होईल. निकोल्स यांना जे खुपत होतं, म्हणजे आपलं आसन कोणाचंही असू शकतं, तेच किंग यांना मोलाचं वाटलं. यानावर ती का आहे याचं स्पष्टीकरण कोणी देत नाही. कोणी कौतुक करत नाही, कोणी दचकत नाही. ती कामावर आहे, एवढंच. १९६७च्या अमेरिकेत मोलकरीण किंवा गायिका सोडून कृष्णवर्णीय बाई पडद्यावर नुसती ‘कामावर’ दिसणं किती दुर्मीळ होतं, हे आज लक्षात आणून घ्यावं लागतं. सोमवारी त्या परतल्या.

परतल्यावर संवाद काही फार वाढले नाहीत. पण मालिकेनं तिला जे दिलं त्यात एक विचित्र धागा आहे, तो सलग पाहिल्याशिवाय दिसत नाही. उहुरा गाते, आणि गाण्यामुळे तिचा आवाज किंवा मन हिरावून घेतलं जातं. ‘चार्ली एक्स’मध्ये स्पॉक वीणेसारखं वाद्य वाजवतो आणि ती त्याची चेष्टा करणारं गाणं गाते. मग मोर्चा चार्लीकडे वळतो. त्या अफाट शक्तीच्या पोराला ते रुचत नाही आणि तो तिचा गळाच बंद करतो. दुसऱ्या हंगामातल्या ‘द चेंजलिंग’मध्ये ती कामावर गुणगुणते. नोमॅड नावाच्या यंत्राला गाणं म्हणजे काय हे कळत नाही, आणि तिच्या मनात शोधता शोधता ते सगळी स्मृती पुसून टाकतं. यानाचा कान आणि जीभ ज्या व्यक्तीकडे, तिचाच आवाज जातो, ही कल्पना फार मोठी आहे. पण लेखक तिच्यापाशी थांबत नाहीत. शिक्षिकेसमोर बसल्यासारखी उहुरा परत वाचायला शिकते, ‘ब्लू’चा उच्चार चुकवते, वैतागून स्वाहिलीत बोलून जाते, आणि आठवड्याभरात ती पूर्ववत होईल असं डॉक्टर सांगतो. एका माणसाचं आयुष्य पुसलं गेलं त्याचा हिशेब दोन-तीन वाक्यांत. निकोल्स यांनी मात्र त्या वाचनाच्या प्रसंगात हसू आणि अपमान दोन्ही एकत्र ठेवलेत. चुकल्यावर त्या आधी पुस्तकाकडे पाहतात, मग शिकवणारीकडे.

जिथे लेखकांनी हात सैल सोडला तिथे त्यांनी संधी वाया घालवली नाही. ‘द नेकेड टाइम’मध्ये तलवार घेऊन सैरभैर झालेला सुकाणू अधिकारी सुलू तिला गोरी कुमारिका म्हणून वाचवायला येतो. ‘सॉरी, नीदर’, दोन्हीही नाही, हे दोन शब्द त्या न थबकता टाकतात आणि प्रसंग तिथेच जिंकतात. ‘बॅलन्स ऑफ टेरर’मध्ये ऐन लढाईत दिशादर्शनाची जागा मोकळी होते तेव्हा कर्क तिला तिथे बसवतो, ती उठते, बसते, कामाला लागते, कोणी मान वळवून पाहतसुद्धा नाही. ‘मिरर, मिरर’मध्ये दुष्ट विश्वातल्या सुलूचं लक्ष फलकावरच्या दिव्याकडे जाऊ नये म्हणून तिला त्याला भुलवत ठेवायचं असतं. जाण्यापूर्वी ती क्षणभर घाबरते, कर्क धीर देतो, आणि मग ब्रिजवर पाऊल टाकताना तिचं चालणंच बदललेलं असतं. भीती आणि तिच्यावर चढवलेलं सोंग, दोन्ही एकाच वेळी दिसतात.

‘हू मोर्न्स फॉर अडोनाइस?’मध्ये ती फलकाखाली शिरून बिघडलेली जोडणी स्वतःच्या हातानं दुरुस्त करते. काम नाजूक आहे, असं काही केल्याला वर्षं लोटली, असं ती म्हणते. त्यावर याहून योग्य व्यक्ती मला सुचत नाही, असं स्पॉक सांगतो. या एका प्रसंगानं वर्दी देणारी बाई तंत्रज्ञ होते. म्हणूनच १९९१च्या सहाव्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटातला एक प्रसंग निकोल्स यांना झोंबला. क्लिंगॉन या शत्रू जमातीची भाषा बोलायची वेळ येते आणि उहुरा जाडजूड छापील पुस्तकं चाळत अडखळत उत्तर देते. आयुष्य संदेशवहनात घालवलेल्या अधिकाऱ्याला शत्रूची भाषा येत नाही, हे पटण्याजोगं नाही, हा त्यांचा आक्षेप होता. तो मानला गेला नाही. प्रसंग चित्रपटात आहे आणि अजूनही चुकीचा वाटतो. मूळ मालिकेत यानाची सूत्रंही तिच्या हाती कधी आली नाहीत. त्यासाठी १९७३ची कार्टून मालिका यावी लागली. तिच्या ‘द लोरेलाय सिग्नल’ या भागात पुरुष अधिकारी निकामी होतात आणि उहुरा एंटरप्राइज ताब्यात घेते.

१९७७मध्ये नासानं निकोल्स यांच्या संस्थेशी करार केला. त्यांनी देशभर फिरून बायकांना आणि अल्पसंख्याकांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करायला सांगितलं. एकूण ८,०७९ अर्ज आले, जानेवारी १९७८मध्ये ३५ जण निवडले गेले. त्यांत सहा बायका, तीन कृष्णवर्णीय पुरुष आणि आशियाई वंशाचे एलिसन ओनिझुका. सॅली राइड आणि गायन ब्लुफर्ड याच तुकडीतले, आणि १९८६मध्ये चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेत गेलेले ज्युडिथ रेझनिक, रोनाल्ड मॅकनेअर, ओनिझुका आणि स्कोबीसुद्धा. नंतरच्या तुकडीतल्या मे जेमिसन १९९२मध्ये एंडेव्हर यानातून अंतराळात गेल्या तेव्हा पाळीची सुरुवात ‘हेलिंग फ्रिक्वेन्सीज ओपन’ या शब्दांनी करत. ३० जुलै २०२२ रोजी निकोल्स गेल्या, वयाच्या ८९व्या वर्षी.

राहिलं ते चुंबन. ‘प्लेटोज स्टेपचिल्ड्रन’, २२ नोव्हेंबर १९६८. अमेरिकी दूरचित्रवाणीवरचं पहिलं आंतरवर्णीय चुंबन, असं सरसकट छापलं जातं. ते तसं नाही. त्याच एनबीसीवर डिसेंबर १९६७मध्ये सॅमी डेव्हिस यांनी नॅन्सी सिनात्रा यांच्या गालाचं चुंबन घेतलं होतं, आणि ब्रिटनमध्ये अशी दृश्यं त्याही आधी दाखवली गेली होती. तरी काळ विसरू नये. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल देईपर्यंत १६ राज्यांत आंतरवर्णीय विवाह बेकायदा होता. दक्षिणेकडची दूरचित्रवाणी केंद्रं हा भाग नाकारतील या भीतीनं वाहिनीला चुंबनाविना दुसरं चित्रण हवं होतं. ते घेतानाच कर्कची भूमिका करणाऱ्या विल्यम शॅटनर यांनी कॅमेऱ्यात डोळे तिरळे केले आणि ते चित्रण निरुपयोगी ठरलं, असं निकोल्स सांगत. ओठ खरोखर टेकले की नाही, यावर दोघांच्या आठवणी जुळत नाहीत.

गोष्टीत ते चुंबन दोघांच्याही इच्छेचं नाही. मनाच्या बळावर इतरांची शरीरं हलवणारे प्लॅटोनियन करमणुकीसाठी त्यांना एकमेकांकडे ढकलतात. प्रेमाचं दृश्य म्हणून ते पाहणाऱ्यांच्या हातून त्याच्या आधीचे क्षण निसटतात. उहुराचं शरीर तिच्या ताब्यात नाही, पण बोलणं आहे, आणि ती बोलते. यानावर कितीदा तरी जीव घाबरायचा. तुम्ही कामात बुडालेले दिसायचात, यानाच्या सगळ्या भागांतून तुमचा आवाज ऐकू यायचा आणि भीती ओसरायची. आत्ता हे लोक मला थरथरायला लावतायत, पण मी घाबरलेली नाही. तीन वर्षं कर्कच्या खांद्यामागे कानाशी हात नेऊन ती काय करत होती, हे मालिकेत पहिल्यांदा कोणीतरी सांगतं, आणि ते तिच्याच तोंडून येतं. निकोल्स ही वाक्यं मोठ्या आवाजात म्हणत नाहीत. चेहरा अगदी जवळ, नजर कर्कवर, स्वर कामावरचाच, किंचित खाली आणलेला. ग्रीक वेशात आहेत म्हणून फलक नाही, फिरती खुर्ची नाही, आणि कानात यंत्रही नाही.